वाचनालयाला सप्ताह नको, शनिवार द्या

मा. संपादक,
स. न.

दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. वाचनालयात समई पेटते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळतं, शाळेतून रांगेने आणलेली मुलं दीड तास भाषण ऐकतात आणि २१ तारखेला वाचनालय पुन्हा पेपर चाळणाऱ्या दोन आजोबांच्या हवाली होतं. गोव्यात तर या सप्ताहाची वेळही जमत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर भिंतींची ओल पुरती सुकलेली नसते, एखादी चुकार सर अजून यायची असते. हवा कोरडी होते ती डिसेंबरात. तिथून फेब्रुवारीअखेरपर्यंत तेरा शनिवार मिळतात; नाताळ आणि गावची जत्रा वजा केली तरी नऊ-दहा हातात उरतात. सप्ताहावर होणारा फ्लेक्सचा, स्मृतिचिन्हांचा खर्च या शनिवारांवर वाटून टाकला तर तालुक्याच्या गावातलं लहानसं वाचनालय तीन महिने गजबजलेलं राहू शकतं. कसं, तेवढंच या पत्रात मांडतो.

पहिले दोन शनिवार पुस्तकांचे. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि ६५च्या वर ती टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. बंद लोखंडी कपाटात तर ओल कोंडूनच राहते, म्हणून काचेआड नीट रचलेल्या पुस्तकांना आधी वास येतो. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पुस्तकं अंगणात कडक उन्हात पसरणं. पुस्तकं म्हणजे सोलं (आमसुलं) नव्हेत. उन्हात शाई उडते, कागद कडक होतो, पुठ्ठा वाकतो तो वाकतोच. सावलीत, वारा खेळेल अशा व्हरांड्यात पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडी ठेवायची, तीही सकाळी अकरा ते दुपारी तीन. त्याआधी दव असतं, नंतर हवा पुन्हा जड व्हायला लागते. बुरशी सुकून भुकटी झाली की मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे, अंगापासून लांब झाडायची, नाकाला मास्क लावून. ओल्या फडक्याने पुसणं ही सगळ्यांत मोठी चूक. डाग पसरतो आणि बुरशीला हवं असलेलं पाणी आपणच तिला देतो. डांबरगोळ्या कपाटात टाकून निर्धास्त होणारे पुष्कळ. त्यांनी झुरळं, कसर थोडी लांब राहते. बुरशीला त्यांचं काही वाटत नाही, वाचणाऱ्याचं डोकं मात्र दुखतं.

दोन माणसं तासाला तीसेक पुस्तकं नीट साफ करतात. म्हणजे दहा जण आले तर चार तासांत सहाशे. एवढं काम एकटा कर्मचारी महिनाभर करत बसतो, किंवा करतच नाही. त्याच दिवशी रिकामी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घ्यावीत आणि मागे वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का ते बघावं. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर नसेल तर तो रिकामाच ठेवलेला बरा.

दुसऱ्या शनिवारी फाटकी पुस्तकं. हे काम बारा वर्षांपुढची मुलं उत्तम करतात आणि त्यांना ते आवडतं, कारण हाताला काही लागतं. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन खळ चकचकीत, थोडी पारदर्शक दिसली की उतरवायची आणि निवल्यावर फडक्यातून गाळायची. ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. टिकावी म्हणून जुने बाइंडर मोरचूद घालत. मुलं असतील तिथे ते विष नको. फाटलेल्या पानावर लावायची पट्टी जपानी टिश्यूची, ती नसेल तर तलम, बिनचकाकीच्या कागदाची, सेंटिमीटरभर रुंद. कात्रीने न कापता ती हाताने फाडावी. फाडलेल्या कडेचे तंतू पानात मुरतात. कापलेली सरळ कड उठून दिसते आणि पुढे पान नेमकं तिथेच मोडतं. वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली. विश्वकोशाचे खंड निदान या कामाला तरी कपाटातून बाहेर निघतात! सेलोटेपला हात लावू देऊ नये. दोन-चार वर्षांत टेप पिवळी पडते, गोंद पानात उतरतो आणि टेप सुटली तरी डाग जात नाही. फेव्हिकॉल पाठीच्या पुठ्ठ्याला चालेल, पानाला नाही. तो कडक होतो आणि पुन्हा सोडवता येत नाही.

नाताळच्या सुट्टीत चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सकाळचा तास ठेवावा. पंधरा मुलं पुरे. मुलं अर्धवर्तुळात चटईवर, वाचणारा बुटक्या स्टुलावर, पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला, म्हणजे चित्र सतत दिसतं आणि पान उलटताना गोष्ट तुटत नाही. वीस मिनिटं वाचन, मग चित्रं, मग हवं ते पुस्तक घरी. आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. पुस्तक मराठी, शाळा अनेकांची इंग्रजी, आणि घरात, अंगणात बोलायची भाषा कोंकणी. यावर भांडणं पुष्कळ झाली, वाचनालयाने त्यात पडू नये. वाचायचं मराठीत, थांबून बोलायचं कोंकणीत. ‘फुडें कितें जातलें?’ (पुढे काय होईल?) असं विचारलं की गप्प बसलेलं पोरही तोंड उघडतं. एक मात्र कटाक्षाने टाळावं. गोष्ट संपल्या संपल्या ‘तात्पर्य काय?’ विचारू नये. त्या प्रश्नाने तास शाळेचा होतो आणि पुढच्या शनिवारी मुलं निम्म्यावर येतात.

खरा ऐवज आहे तो नाटकांच्या कपाटात. गोव्यात जत्रेला नाटक नाही असं मराठी गाव शोधावं लागेल. मंडळं तालमीआधी महिना-दीड महिना पुस्तक शोधत हिंडतात, वाचनालयात येतात, आणि दोनशे संहितांच्या कपाटासमोर उभी राहून रिकाम्या हाताने परततात. कारण आपल्या नोंदवहीत नाटकाचं नाव, लेखक, किंमत आणि दाखलक्रमांक असतो. मंडळाला हवं असतं भलतंच. पुरुष किती, स्त्रिया किती, अंक किती, एका सेटवर भागतं का, प्रयोग किती तासांचा, संगीत असेल तर पदं किती, गाणारा नट लागतोच का. ‘पाच पुरुष, दोन स्त्रिया, दोन अंक, एक दिवाणखाना’ एवढं एका कार्डावर लिहिलेलं असलं की निवड दहा मिनिटांत होते. एका शनिवारी आठ जणांनी बसून प्रत्येकी पाच संहिता चाळल्या तर चाळीस कार्डं तयार. पात्रयादीवर विसंबू नये; ‘इतर’मध्ये दडलेला पोस्टमन, शेजारीण अशी दोन वाक्यांची पात्रंही मोजावी लागतात, मंडळाचा हिशेब तिथेच चुकतो. कार्डाच्या पाठी प्रयोगाच्या परवानगीसाठी कुणाला लिहायचं ते पुस्तकात छापलेलं असतं, तसं उतरवून घ्यावं. परवानगी आणि मानधन जत्रेच्या आदल्या आठवड्यात आठवतं आणि मग धावपळ होते.

याच कपाटातून नाट्यवाचनाचा शनिवार निघतो. दोन अंकी नाटक दोन तासांत वाचून होतं, तीन अंकी दोन शनिवारांत विभागावं. आठ पात्रांना चार प्रती, दोघांत एक. एकाच प्रतीवर वाचन केलं की पुस्तक हातोहात फिरतं आणि संवादाची लय मरते. तालुक्यातल्या इतर वाचनालयांकडून प्रती आधी मागवून ठेवाव्यात. ज्या मंडळाचं नाटक यंदा जत्रेला आहे त्याच मंडळाला वाचायला बोलवलं तर त्यांची एक तालीम होते, आपला एक कार्यक्रम होतो, श्रोते ते स्वतःच घेऊन येतात.

जयंत्या साजऱ्या करायच्याच तर आपल्या मातीतल्या दोन आहेत, एक या हंगामाच्या तोंडावर, एक मध्यावर. बोरीच्या कवी बाकीबाब बोरकरांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१०चा, सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याच्या लेखक महादेवशास्त्री जोशींचा १२ जानेवारी १९०६चा. अध्यक्ष नको, प्रास्ताविक नको. चाळीस मिनिटं नुसतं वाचावं. ६ जानेवारीला, ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वर्तमानपत्र निघालं त्या दिवशी, जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली टेबलावर काढाव्यात. ‘दर्पण’ १८३२चं आणि पणजीचं सार्वजनिक ग्रंथालय, म्हणजे आजचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, तेही १८३२चंच. हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. फायली मात्र पुठ्ठ्यावर ठेवूनच उघडाव्यात, जुना पेपर कोपऱ्याला धरला की कोपरा हातात येतो.

आता अडचणी. लहान गावातल्या वाचनालयाला दालन एकच आणि फेब्रुवारीत तिथे परीक्षेची मुलं बसलेली. त्यांना उठवून कार्यक्रम केला तर शिव्याच मिळतील आणि त्या रास्त असतील. म्हणून आवाजाचे शनिवार जानेवारीअखेर संपवावेत, फेब्रुवारीत कार्डं लिहिणं, पट्ट्या चिकटवणं अशी मुकी कामं ठेवावीत. तारखा ठरवण्याआधी पंचांग बघावं. जत्रा तिथीवर असतात, इंग्रजी तारखेवर नाही, आणि पौषात धालोंच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, रात्री सुरू असल्या तर बायका संध्याकाळी यायच्या नाहीत. त्यांच्यासाठी दुपारचे तीन ते पाच बरे. खुर्च्या वीसच मांडाव्यात. वीसांत अठरा माणसं म्हणजे गर्दी, शंभरांत तीस म्हणजे फजिती. थंडीत पंखे बंद असतात, त्यामुळे तिसाच्या आतल्या श्रोत्यांना माइक लागत नाही. माइक आला की भाषण येतं.

वेळ संध्याकाळी सव्वापाच ते सव्वासात, त्यापुढे नको. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गावाकडची शेवटची बस कुणासाठी थांबत नाही. बसस्टँडवर तिची वेळ विचारून ती कार्यक्रमाच्या फलकावरच लिहावी, म्हणजे शेवटच्या अंकात अर्धं दालन उठून जाणार नाही.

आपले,
काही ग्रंथालयकर्मी, डिचोली तालुका