वस्तीला शिकवण्याआधी

महोदय,

पूर्व नागपुरातील आमच्या वस्तीत नुकताच शाश्वत जीवनशैलीचा एक वर्ग झाला. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक आहे, हे वक्त्यांनी चांगले समजावले. मात्र पत्रके पुस्तकी मराठीत होती आणि समोरच्या निम्म्या बायका घरी छत्तीसगढी बोलणाऱ्या. शिवाय जिथे दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळतात, जुन्या लुगड्यांची गोधडी होते आणि धुण्याचे शेवटचे पाणी मोरीसाठी राखले जाते, तिथे ‘कमी वापरा’ हा उपदेश मला तरी ऐकवला नाही. एका आजींनी विचारले, ‘‘दोन बादल्या ठेवू जी, पण गाडीवाला तं नाक्यावर दोन्ही एकातच टाकते, मंग?’’ उत्तर मिळाले नाही.

असे वर्ग वस्तीतल्याच एखादीला मानधन देऊन, तिच्या बोलीत घ्यावेत. पत्र्याखालचा उकाडा, कूलरच्या साचलेल्या पाण्यातील डासांच्या अळ्या आणि ओल्या कचऱ्याचे मडक्यातले खत हे विषय आधी यावेत. त्याहीआधी अरुंद गल्ल्यांसाठी दोन कप्प्यांची हातगाडी सुरू करावी, अन्यथा घरोघरी वेगळा केलेला कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोत एकत्रच पोहोचेल.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर