रजिस्टर फिरवणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. टेबलावर पाटी नव्हती आणि त्या दिवशी विचारायचं भानही राहिलं नाही. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. गिरगावच्या बाजूच्या वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीला बसता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एवढ्यावरून तुमचं तुम्हाला कळेल.

माझी आई आठवतेय का? जाड काठाचं नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत सहा जणांच्या सह्या असलेले अर्ज.

१९५७ ची गोष्ट. आजोबा गिरणीत, चार मुली, दहा बाय बाराची खोली. पाचव्या खेपेला आजी गिरगावातल्या चुलत बहिणीकडे बाळंतपणाला गेली ती रिकाम्या हाताने परतली. आई तेव्हा आठ वर्षांची. बाळ देवाघरी गेलं, असं तिला सांगितलं. पुढे शेवटच्या आजारपणात आजीच म्हणाली, "गेली नाही गं, ओटीत घातली एकांच्या." कोणाच्या, ते विचारेपर्यंत आजीची शुद्ध गेली होती.

तुमच्याकडे येण्याआधी त्या बाळाच्या जन्माची नोंद शोधायला दीड वर्ष आम्ही दुसऱ्या एका ऑफिसात खेटे घालत होतो. नाव घेत नाही. तिथला पहिला प्रश्न, "मुलीचं नाव सांगा, कॉम्प्युटरला टाकतो." अहो, नाव माहीत असतं तर आलो कशाला असतो? दुसरा प्रश्न, "तुमचा संबंध काय?" जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा म्हणतो की नोंदीचा शोध कुणीही मागू शकतो आणि दाखलाही घेऊ शकतो. कलम १७. मी छापून नेलं होतं. साहेबांनी त्या कागदावर चहाचा ग्लास ठेवला. मग फर्मान निघालं, दत्तकपत्र आणा. १९५६ च्या दत्तक कायद्यात मूल दिलं आणि घेतलं की झालं, लेखी कागद हवाच असं नाही. आणि तो कायदा येईपर्यंत आपल्यात रीतसर दत्तक घ्यायचा तो मुलगाच. मुलगी कायद्याने दत्तक जायला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कोण कुठला स्टॅम्प पेपर करतोय? सगळ्यात वाईट म्हणजे "बाळंतपण कुठे झालं?" हे एकानेही विचारलं नाही. नोंद राहत्या घराच्या वॉर्डात होत नाही, जन्म झाला त्या वॉर्डात होते. म्हणजे दीड वर्ष आम्ही जिथे नव्हतीच तिथे ती शोधत होतो.

तुम्ही तो प्रश्न पहिल्या मिनिटात विचारलात.

गणपतीत जन्मली एवढंच आईला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "जन्मतारखेवर जाऊ नका, रजिस्टर नोंदीच्या तारखेने चालतं. लोक यायचे महिन्या-दीड महिन्याने." मग आतून ते लांबलचक रजिस्टर आलं. कापडी बांधणी, कडा वाळवीने कुरतडलेल्या. तुम्ही पानं उलटत होतात आणि आई तुमच्या बोटाकडे बघत होती, देवळात आरतीच्या तबकाकडे बघतात तशी.

ऑक्टोबरच्या एका पानावर बोट थांबलं.

तिथे तुम्ही जे केलंत, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. टेबलावरचे दोन कोरे फॉर्म उचललेत. एक त्या ओळीच्या वर ठेवलात, एक खाली. पानावर आमची तेवढी एक ओळ उघडी राहिली. "बाकीची माणसं आपली नाहीत," असं पुटपुटलात, आम्हाला नव्हे, स्वतःशीच. मग ते सगळं धूड उचलून आईच्या बाजूला फिरवलंत, स्वतःची खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "वाचा आजी, घाई नाही." मागे रांग होती. एकाने "मॅडम, लंचच्या आधी होईल का?" असं विचारलंही. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत.

आईने आधी आपल्या बापाच्या नावावरून बोट फिरवलं. मग आईच्या. बाळाच्या नावाचा रकाना कोरा, नुसतं "मुलगी". आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात एक अनोळखी नाव, गिरगावातल्या चाळीचा पत्ता, खाली ठसठशीत सही. आम्ही दोघी तर ते वाचणारही नव्हतो. तुम्हीच पेन्सिलीने दाखवलंत. बाप कामावर, म्हणून नोंद करायला गेला तो ओटी पसरणारा माणूस.

निघताना तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत ते फार बरं केलंत. संस्थेतून दत्तक गेलेल्यांच्या बाबतीत मुळाचा शोध घ्यायचा हक्क त्या मुलाचा, तिसऱ्याला तो मिळत नाही. "तुमचं घरातलं आहे, पण त्यांना माहीतच नसेल तर? दारात जाऊन उभ्या राहू नका. आधी चिठ्ठी पाठवा." खिडकीपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या बाईची एवढी काळजी! सरकारी माणूस म्हटलं की आपण नाक मुरडतो, मीही मुरडत होते. पण कुणाचं काय झाकायचं आणि कुणाला काय दाखवायचं, ही समज ट्रेनिंगमध्ये मिळत नसावी. ती घरून येते.

चाळ आता नाही, टॉवर आहे. पण तळमजल्यावरच्या जुन्या वाण्याला सगळं ठाऊक होतं. चिठ्ठी डोंबिवलीला गेली. अकराव्या दिवशी फोन आला. मावशीला लहानपणापासून माहीत होतं, फक्त कुणाची ते माहीत नव्हतं. हल्ली दोघी रोज दुपारी फोनवर असतात. आजीचं नाक कुणी घेतलं यावर अजून एकमत नाही.

गेल्या सोमवारी आईने केलेले बेसनाचे लाडू घेऊन आले होते. तुम्ही रजेवर होतात, शिपायाकडे ठेवलेत. घेणार नाही म्हणाल, म्हणून सांगते, त्यातले निम्मे मावशीने वळलेत. डबा स्टीलचा आहे, झाकणावर आईचं नाव कोरलंय. परत द्यायची घाई नाही.

तुमची,
त्या आजींची मुलगी