टायबरपासून सेनिओपर्यंत : पेरुजातील ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

तुमचे नाव कोठेही छापले जाऊ नये, ही तुमची अट पाळून हे पत्र लिहीत आहे. खासगीत आभार मानून झाले आहेत. तरीही उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, तुम्ही आम्हांला आखून दिलेला रस्ता इटलीला जाणाऱ्या इतर मराठी मंडळींच्याही उपयोगाचा आहे आणि तो कोणी आखला, हे त्यांना निदान तुमच्या गावावरून तरी कळावे.

रोममध्ये गाडी भाड्याने घ्यावी, मध्य इटलीतील उंब्रिया या प्रदेशातील टेकड्यांवरची मध्ययुगीन गावे पाहावीत आणि जमल्यास एखाद्या युद्धदफनभूमीला भेट द्यावी, एवढाच आमचा बेत होता. तुम्ही पहिल्याच फोनवर सांगितलेत की, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. चौदाव्या-पंधराव्या शतकात ज्या कारणासाठी एखाद्या टेकडीला तट घातला गेला, त्याच कारणासाठी दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने ती टेकडी धरून ठेवली. सह्याद्रीच्या माणसाला हे खरे तर सांगावे लागू नये. पण परदेशात गेलो की आपण किल्ल्याकडे छायाचित्रापुरतेच पाहू लागतो.

आमचा रस्ता उत्तरेचा असताना सुरुवात रोमच्या दक्षिणेला, मोंते कासिनोपासून करा, हा तुमचा आग्रह आधी उलटा वाटला होता. संत बेनेडिक्ट यांनी सुमारे ५२९ मध्ये स्थापन केलेला तो मठ लोंबार्डांनी, मग ८८३ मध्ये अरब हल्लेखोरांनी आणि पुढे १३४९ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झाला होता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो पुन्हा जमीनदोस्त केला. त्या वेळी मठात जर्मन सैनिक नव्हते, संन्यासी आणि आसऱ्याला आलेले नागरिक होते. बॉम्बहल्ल्यानंतर मात्र जर्मनांनी त्याच ढिगाऱ्याचा भक्कम मोर्चा केला. हल्ल्याची मागणी दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर यांनी केली होती, हे तुमच्याकडून कळल्यावर आपल्यात फोनवर बराच वाद झाला. तुमचे मत मी जाणतो. पण पायथ्याशी उभे राहून तो चढ पाहिला, आणि त्या चढावर आपल्या पलटणी धाडण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याच्या जागी मी काय केले असते, या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

तेथल्या दफनभूमीतच तुमच्या आग्रहाचे खरे कारण उलगडले. ज्यांची कबर ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत आणि त्यांत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. आधी नाव पाहावे आणि मग ते जेथे पडले ती भूमी पाहावी, असा क्रम तुम्ही लावला होता.

मोंतोनेला तुम्ही स्वतः सोबत आलात, त्याबद्दलचे ऋण शब्दांत मांडणे कठीण आहे. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यावर नजर ठेवणारे हे तटबंदीचे चिमुकले गाव भाडोत्री फौजांचा सरदार ब्राच्चो फोर्तेब्राच्चो याचे. हा ब्राच्चो १४१६ मध्ये पेरुजाचा धनी झाला आणि १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन मेला. पडक्या गढीपाशी उभे करून तुम्ही खालची दरी दाखवलीत आणि मगच १० जुलै १९४४ चा प्रसंग सांगितलात. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतील बाकी सारे ठार किंवा जखमी झाले. एकटे उरलेले घाडगे मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्या मशीनगनचा आवाज बंद केला, एकाला टॉमीगन या हातातल्या स्वयंचलित बंदुकीने टिपले आणि काडतुसांची पेटी बदलायला वेळ नाही, हे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारले. पुढच्याच क्षणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

माझे वडील माणगाव तालुक्यात वाढले. तेथील घाडगे यांचा पुतळा त्यांच्या शाळेच्या वाटेवरचा. पण ‘इटलीत लढले’ यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हते. मोंतोनेत जुलै २०२३ मध्ये उभारलेल्या घाडगे यांच्या सूर्यघड्याळ-स्मारकापाशी ते बराच वेळ उभे होते. एका म्हाताऱ्या ग्रामस्थाने चौकशी केली, तेव्हा वडिलांनी मराठीत सांगावे आणि तुम्ही इटालियनमध्ये पोहोचवावे, असा संवाद चालला. घाडगे यांचे जन्मगाव पलासगाव ते माणगाव किती अंतर आहे आणि तेथे भात पिकतो की गहू, हेसुद्धा त्या गृहस्थांना हवे होते. तुम्ही एकही प्रश्न संक्षेपात गुंडाळला नाहीत. वडील परतल्यापासून त्या गप्पांविषयीच बोलतात. रोमविषयी फारसे नाही.

उंबेर्तिदे येथे आम्ही थोडाच वेळ थांबलो. २५ एप्रिल १९४४ रोजी टायबरवरच्या पुलासाठी टाकलेले बॉम्ब तेथील वस्तीवर पडले आणि जुनी गढी मात्र उभी राहिली, एवढे पाहून पुढे निघालो. सान्सेपोल्क्रोने आम्हांला अधिक गुंतवले. पिएरो देल्ला फ्रांचेस्का यांचे पुनरुत्थानाचे भित्तिचित्र या गावात आहे, हे तोफखान्यातील टोनी क्लार्क या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याला वाचून माहीत होते, म्हणून त्याने गावावरचा मारा थांबवला. गावाने पुढे एका रस्त्याला त्याचे नाव दिले. त्याच गावाच्या चौकातील मध्ययुगीन बेर्ता मनोरा मात्र जर्मनांनी ३१ जुलै १९४४ रोजी जाताजाता उडवून दिला. चित्रापाशी गर्दी होती. मनोऱ्याच्या रिकाम्या जागेकडे तुम्ही सांगितले नसते तर आम्ही पाहिलेही नसते.

तेथून ई-४५ या महामार्गाने आपेनाइन पर्वत ओलांडून रोमान्याच्या सपाटीवर उतरलो. (रस्त्याच्या अवस्थेविषयी तुम्ही दिलेला इशारा सौम्यच म्हणायचा.) सेनिओ पाहून प्रथम निराशा झाली, कारण ही लहानशी नदी दोन उंच मातीच्या बांधांमधून वाहते. तुम्ही फोनवरूनच बजावलेत की, पुलावरून पाहू नका, बांध चढून उतरा. तो चढउतार केल्यावर १९४४-४५ चा सबंध हिवाळा आघाडी येथे का अडून राहिली, ते पायांना समजले. बांधांच्या पोटात जर्मनांनी भुयारे खोदली होती आणि भोवती सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव, कंपनीचे निरोप्ये, दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांतून सुरक्षित जागी घेऊन आले. मग परत फिरून त्यांनी मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून ते हातबॉम्बनी लढले आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना त्यांनी पुढे बोलावले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून ते घरी परतले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले.

फोर्लीच्या भारतीय सैन्याच्या दफनभूमीत, दहन झालेल्या सैनिकांच्या स्मारकापाशी वडिलांनी तुम्ही दिलेली फुले वाहिली.

याखेरीज जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग, दुपारी बंद होणारी संग्रहालये आणि तटाबाहेरचे वाहनतळ यांविषयी तुम्ही दिलेल्या सूचनांमुळे आम्हांला एकदाही दंड भरावा लागला नाही, हेही नोंदवून ठेवतो. वडिलांनी पलासगाव आणि माणगावविषयी चार पाने लिहायला घेतली आहेत. मोंतोनेच्या त्या गृहस्थांसाठी त्यांचे भाषांतर करण्याचे काम तुमच्यावरच येणार आहे. तुम्ही हाताने काढलेला नकाशा, तुमची हरकत नसल्यास, नावाविना इतरांना देण्याचा विचार आहे. त्यात सान्सेपोल्क्रोजवळच्या अंघ्यारी गावाचा फाटा नीट दिसत नाही, तेवढा दुरुस्त करून पाठवावा ही विनंती.

आपला स्नेहाभिलाषी,
एक मराठी प्रवासी