गिअर सुटत नव्हता तेव्हा धक्क्यावर भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारलं तेव्हा "काका म्हण, चालतं" एवढंच म्हणालात आणि मीही पुढे विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर आले तर तुमची बोट निघून गेलेली. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. बोटवाल्यांत बातमी फिरतेच, तसं हेही फिरत फिरत पोचेल.

आधी एक कबुली. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलं होतं, "रुतल्यावर रिव्हर्स किती मारलास?" मी म्हणाले, थोडासा. खरं सांगायचं तर बोट वाळूच्या दांड्यावर चढली, मागे धाडकन आवाज झाला, बोटीमागचा ड्राइव्ह (इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत नेणारा पाण्यातला भाग) वर उचलला जाऊन परत आपटला आणि माझी बुद्धीच चालेना. चांगली दोन-तीन मिनिटं मी रिव्हर्समध्ये थ्रॉटल दाबून धरला होता. मागचं पाणी चिखलासारखं झालं, तेव्हा कुठे इंजिन बंद केलं, ड्राइव्ह ट्रिमवर (तो वर-खाली करणाऱ्या यंत्रणेनं) वर घेतला आणि भावानं बांबूनं ढकलत बोट खोल पाण्यात आणली. तुम्हाला ते कळलंच असणार. तुम्ही नुसतं "हं" केलंत आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप उघडून बघायचं कागदावर लिहून ठेवलंत.

परत येताना दोन गोष्टी जाणवल्या. हळू चालवली की बोट ठीक, पण थ्रॉटल वाढवला की इंजिन नुसतं गरगरायचं आणि बोट होती तिथेच रेंगाळायची. आणि धक्क्याला लागताना लिव्हर न्यूट्रलला आणायला गेले, तर तो हलेना. जोर लावल्यावर इंजिन गचकन बंद पडलं, गिअर मात्र तसाच अडकलेला. आम्ही धक्क्यावर आपटलो. तुम्ही येईपर्यंत दोघांनी येऊन निदान करून टाकलं होतं: लोअर युनिट (ड्राइव्हचा खालचा, गिअरचा भाग) गेलं, गिअरचा अख्खा सेट बदला. दोघांपैकी कुणी ड्राइव्हला हातही लावला नव्हता.

तुम्ही मात्र आल्याआल्या एकच वाक्य बोललात, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालं: "ही दोन दुखणी आहेत, एक नाही." मला ते पटलं नव्हतं. बोट एकदाच आपटली, मग बिघाड दोन कसे?

पंख्याचं पहिलं कोडं तुम्ही पेंट मार्करनं सोडवलंत. पंख्याच्या मधल्या पितळी भागापासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढलीत आणि बोट बाहेर फिरवून आणायला सांगितलंत. परत आलो तेव्हा रेघेचे दोन तुकडे चार बोटं लांब गेलेले! पितळी भाग आणि बाहेरचं नळकांडं यांना जोडणारा आतला रबरी हब सुटला होता. शाफ्ट फिरतोय, गिअर फिरतोय, पण जोर आला की पाती मागे राहतायत. पाती कशाला आपटली तर गिअर वाचावेत म्हणून हा रबर मध्ये असतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला त्या फाटक्या रबराबद्दल जरा आदरच वाटला. माझ्या त्या रिव्हर्सच्या मिनिटांनी त्याचा जीव घेतला होता. गिअर घसरतोय असं जे सगळ्यांना वाटत होतं, त्यात गिअरचा काही दोषच नव्हता. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

खरी चिकाटी लागली ती गिअर न सुटण्याच्या दुखण्याला. चावी काढून खिशात घातलीत आणि भावाला लिव्हर पुढे टाकायला सांगितलंत. लिव्हर अर्ध्यावर अडला. "बघा, अडकतोय," मी लगेच म्हणाले. तुम्ही काही न बोलता हातानं पंखा थोडा फिरवलात आणि लिव्हर खटकन पुढे गेला. डॉग क्लचचे, म्हणजे गिअर जोडणाऱ्या दातेरी भागाचे, दात एकमेकांच्या टोकांवर टेकले असले, तर इंजिन बंद असताना गिअर पडतच नाही. कुणीतरी पंखा फिरवावाच लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे किती जणांनी चांगले ड्राइव्ह उघडले असतील कोण जाणे. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमचा ड्राइव्ह वेगळा असेल, तर हे जसंच्या तसं लागू होणार नाही. मर्क्रूझर ब्राव्हो किंवा व्होल्वो पेंटाच्या कोन क्लचवाल्या (दातांऐवजी शंकूच्या घर्षणानं धरणाऱ्या) ड्राइव्हमध्ये गिअर वरच्या भागात बदलतो. माझ्यात तो खाली, पंख्याच्या शाफ्टवर बदलतो.)

मग तुम्ही पंख्यालाच बोलतं केलंत. न्यूट्रलमध्ये दोन्ही बाजूंना मोकळा. फॉरवर्डमध्ये एका बाजूला घट्ट अडतोय, दुसऱ्या बाजूला कटकट करत सुटतोय. रिव्हर्समध्येही धरतोय. म्हणजे आत गिअर पडतायत. ड्राइव्ह रात्रभर सरळ उभा ठेवून सकाळी खालचा प्लग किंचित सैल केलात, कारण आत पाणी असेल तर ते तळाला बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. आलं ते नुसतं तेल. दुधाळ नाही, पाण्याचा थेंब नाही. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता. तो बोटावर चोळून दाखवलात: असा मऊ असेल तर रोजची झीज, बोटाला टोचणारे कपचे निघाले तर मात्र दात गेले. पंखा काढून शाफ्टच्या टोकाजवळ एक काडी बांधलीत आणि शाफ्ट फिरवलात. काडी आणि टोक यांच्यातली फट फिरताना बदलली नाही. शाफ्ट वाकलेला नव्हता.

आणि मग इंजिनाच्या बाजूची ती शिफ्ट प्लेट. लिव्हरकडून येणारी केबल तिथे संपते आणि ड्राइव्हकडे जाणारी दुसरी केबल तिथून सुरू होते, हे इतकी वर्षं बोट चालवून मला माहीत नव्हतं. तुम्ही पहिली केबल सोडवलीत: लिव्हर लोण्यासारखा. दुसरी हातानं ढकलायला दिलीत: माझ्याच्यानं हलेना. अर्धी बोट एका पिनेनं निर्दोष सुटली.

पण तिथेही तुम्ही थांबला नाहीत. "केबल जड आहे की केबलच्या पुढचं काही जड आहे?" असं विचारलंत आणि गिअर फॉरवर्डला टाकून ड्राइव्ह उतरवायला लावलात. मला वाटलं, आता दिवस गेला. ड्राइव्ह खाली आल्यावर त्याचा शिफ्ट शाफ्ट पकडीत धरून फिरवला, तर तो छान खटके घेत फिरला. केबल मात्र एकटी लोंबकळत असूनही तेवढीच जड. आता शंकेला जागाच नव्हती.

इंजिन का बंद पडायचं, हे तुम्ही तिथेच उकिडवे बसून समजावलंत. डॉग क्लच जोराखाली असताना सुटत नाही, म्हणून गिअर काढताना शिफ्ट प्लेटवरचा एक छोटा स्विच क्षणभर ठिणगी तोडतो. इंजिनाचा जोर उतरतो, दात सुटतात, ठिणगी परत येते. लिव्हरला ताण जाणवला की तो स्विच दाबला जातो. माझ्या केबलीच्या घर्षणाचाच ताण एवढा होता, की स्विच दाबलेलाच राहायचा. इंजिन बिघडलं नव्हतं, ते आज्ञा पाळत होतं. आणि काही लोक बंद पडण्याला कंटाळून तो स्विचच काढून टाकतात, असं सांगताना तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

केबलीवरचा, पाणी आत येऊ न देणारा रबरी भाता चिरला होता. मी म्हणाले, आपटल्यामुळे. तुम्ही चिरेच्या कडा दाखवल्यात: कडक, काळपट झालेल्या, जुन्या. पाणी कधीपासून आत झिरपत होतं. ड्राइव्ह उसळला तेव्हा केबल टोकाजवळ वाकली, एवढंच नवं. तेव्हा मला आठवलं की मागच्या हंगामापासून लिव्हर जड लागत होता आणि मी मनगटाला दोष देत होते. हा बिघाड वाळूशिवायही झालाच असता, कदाचित याहून वाईट जागी.

तुम्ही गेल्यानंतरचं थोडक्यात. केबल आणि भाता नवे बसवले, मॅन्युअलमधल्या मापानं सेट केले. पंख्याला नवा हब. तुमच्या कागदाप्रमाणे पंप उघडला. इम्पेलरच्या (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या) पात्या वाळूनं खाल्लेल्या, आतल्या भिंतीवर चरे. तोही बदलला. ड्राइव्ह उतरलेलाच होता, तर जिम्बल बेअरिंग (इंजिनाकडून ड्राइव्हकडे येणारा शाफ्ट ज्यात फिरतो ते) हातानं फिरवून पाहिलं, खरखर नाही. लिव्हर आता दोन बोटांनी हलतो. न्यूट्रलला येताना इंजिन किंचित अडखळतं आणि चालू राहतं. तो अडखळल्याचा आवाज ऐकून भाऊ दचकतो, मी हसते.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही हात झटकलात, म्हणून तो विषय काढत नाही. पण दोन दुपारी स्वतःचं काम बाजूला ठेवून तुम्ही माझ्यासारख्या अनोळखी बाईला स्पॅनर हातात देऊन प्रत्येक बोल्ट तिच्याकडूनच सोडवून घेतलात, याबद्दल मनापासून आभार. चिडचिड एकदाही केली नाहीत. मी पाना पाण्यात पाडला तेव्हासुद्धा.

तुमचा पेंट मार्कर माझ्याकडेच राहिलाय. नव्या हबवर त्यानंच रेघ ओढली आहे आणि दर फेरीनंतर बघते. अजून सरळ आहे. कधी या बाजूला आलात तर मार्कर घेऊन जा, आणि लिव्हर एकदा स्वतः हलवून बघा.

तुमची,
त्या रुतलेल्या बोटीची मालकीण