ती ओळ दोनदाच ठेव

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

हार्लेम रेनेसाँवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांच्या 1920च्या दशकातल्या चळवळीवरचा, तुझा लेख आणि सोबतचे अनुवाद वाचले. आधी कवी लँग्स्टन ह्यूजच्या ‘द वेअरी ब्लूज’ या कवितेविषयी लिहिते, कारण गडबड तिथेच झाली आहे. गायकाच्या तोंडच्या कडव्यातली दुसऱ्यांदा आलेली ओळ तू गाळलीस. ती परत घाल. ब्लूजचं, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या त्या उदास गाण्यांचं, कडवं तिच्यावरच उभं असतं.

नेहमीचं कडवं बारा बारचं, म्हणजे चार ठोक्यांचे बारा गट. त्यात ओळी तीनच. पहिली ओळ गायची, मग तीच किंचित बदलून पुन्हा, आणि तिसरीत यमक जुळवून उत्तर. ओळ आपल्या जागेच्या मध्यावरच संपते, उरलेली जागा पियानो किंवा गिटार भरते. ह्यूज छापताना या तीन ओळींच्या सहा करतो. मूळ कडवं पुन्हा पाहा: पहिल्या खेपेला ‘आय’ आहे, दुसऱ्या खेपेला तो गळून पडतो. गाणारा थकत चाललाय, हे तेवढ्यानं कळतं. मराठीत क्रियापदातूनच ‘मी’ कळतो, म्हणून नुसता ‘मी’ गाळून भागणार नाही. ‘माझं मन काही केल्या लागत नाही’ आणि मग ‘मन काही केल्या लागत नाही’ असं करून बघ. मोठ्यानं म्हणून पाहा, जीभ अडखळली तर शब्द बदल.

या कवितेत भाषाही दोन आहेत. हार्लेमच्या लेनॉक्स अव्हेन्यू या रस्त्यावर ऐकत असलेला निवेदक एका भाषेत बोलतो, गायक दुसऱ्या. तू दोघांनाही पुस्तकी मराठी दिलीस. पण गायकाला एखाद्या जिल्ह्याची ठसठशीत बोलीही देऊ नकोस, नाहीतर वाचकाला हार्लेम दिसणारच नाही. साधी, घरातली बोली पुरे.

आता लेखाविषयी. ‘अचानक प्रतिभेचा बहर आला’ हे वाक्य काढून टाक. या बहरामागे माणसं राबत होती. जेसी फॉसेट ‘द क्रायसिस’ची साहित्य संपादक असताना, 1921 मध्ये, त्या मासिकानं ह्यूजची नद्यांवरची कविता छापली. 21 मार्च 1924 ला ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाचे संपादक चार्ल्स जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या सिव्हिक क्लबमध्ये जेवण ठेवलं, निमित्त फॉसेटच्या कादंबरीचं. नवे लेखक आणि प्रकाशक तिथे एका छताखाली आले. त्यातूनच मार्च 1925 चा ‘सर्व्हे ग्राफिक’ मासिकाचा हार्लेम विशेषांक निघाला. अलेन लॉक यांनी तो संपादित केला आणि त्याच वर्षी वाढवून ‘द न्यू निग्रो’ हे पुस्तक केलं. ‘द वेअरी ब्लूज’ला ‘ऑपॉर्च्युनिटी’च्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, 40 डॉलर. 1926 मध्ये आर्तुरो शॉम्बर्ग यांचा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा ग्रंथसंग्रह 10,000 डॉलरना विकत घेऊन हार्लेममधल्या 135व्या रस्त्यावरच्या वाचनालयाला दिला गेला. हे सगळं लेखात यायला हवं.

उलट ‘फायर!!’ हे नियतकालिक बघ. वॉलेस थर्मनच्या संपादनाखाली तरुणांनी नोव्हेंबर 1926 मध्ये ते काढलं, किंमत एक डॉलर. पाठीशी कुठली संस्था नव्हती, पैसे उसने. पुढे शिल्लक प्रती आगीत जळाल्या. एकच अंक निघाला.

1929 च्या मंदीवर चळवळ संपवू नकोस. झोरा नील हर्स्टनची सर्वांत गाजलेली कादंबरी 1937 ची आहे. ही हर्स्टन 1960 मध्ये फ्लोरिडात वारली तेव्हा तिच्या कबरीवर दगडही नव्हता. तो 1973 मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकरनं बसवला, आणि मग तिची पुस्तकं पुन्हा वाचली जाऊ लागली. प्रभावाविषयी लिहिताना मधली ही तुटलेली वर्षं गाळू नकोस, मला ती फार महत्त्वाची वाटतात.

बाबासाहेबांचा उल्लेख जपून कर. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते 1913 ते 1916, हार्लेमच्या शेजारीच, पण चळवळ भरात यायच्या आधी. भेटीगाठी कल्पनेनं रंगवू नकोस. पक्का दुवा हवा तर त्यांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र आहे. हे ड्यू बॉइस म्हणजे ‘द क्रायसिस’चे पहिले संपादक. दलित पँथरनं 1972 मध्ये नाव घेतलं ते ब्लॅक पँथर या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून, हार्लेमवरून नाही.

आणि ‘निग्रो’ हा शब्द त्या काळच्या शीर्षकांत तसाच राहू दे. तुझ्या स्वतःच्या वाक्यांत मात्र ‘कृष्णवर्णीय’ लिही.

ते कडवं सुधारलंस की आधी तेवढंच पाठव.

तुझी,
आई