हँगरमधल्या काकांना, त्या अर्ध्या मिनिटासाठी थँक्यू

काका, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल चल, आधी विमान पूस" म्हणून उडवून लावता, म्हणून इथे लिहितेय.

परवा मी सोलो होते, आपली ती म्हातारी सेस्ना १५०, कॅनडातल्या ॲबट्सफर्डच्या पूर्वेला फ्रेझर व्हॅलीवर, अडीच हजार फुटांवर. पाऊस नुकताच थांबलेला, बाहेर १२ डिग्री, त्यामुळे बर्फ वगैरे डोक्यातही नव्हतं. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, २४०० वरून हळूहळू २२५० वर आला आणि मी येडी, थ्रॉटल सरकला असेल म्हणून दोनदा पुढे ढकलला. मग इंजिन थरथरायला लागलं आणि माझे पायपण.

तेव्हा तुमचं चहा पिताना सांगितलेलं आठवलं, की पेट्रोल हातावर सांडलं की गार लागतं ना, तेच कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाच्या, आत चालू असतं, त्यात व्हेंचुरीत, त्याच्या अरुंद गळ्यात, दाब कमी झाला की हवा आणखी गार होते, पार वीस-तीस डिग्रीने खाली जाते आणि हवा दमट असली तर चांगल्या उबदार दिवशीसुद्धा आत बर्फ धरतो. मी तेव्हा मनात म्हटलेलं, काका ओझरला मिगवर काम केलेले, जेटला कुठे कार्बोरेटर असतो. सॉरी काका.

कार्ब हीटची, म्हणजे एक्झॉस्टवर तापलेली हवा कार्बोरेटरला देणारी, नॉब पूर्ण बाहेर ओढली तर इंजिन सुधारायचं सोडून खोकायलाच लागलं, आरपीएम अजून खाली! खरं सांगते, हात नॉब परत आत ढकलायला निघालाच होता. पण कानात तुम्ही, "खोकू दे, वितळलेलं पाणी गिळतंय ते, नॉब सोडलीस तर बघ." नाक खाली धरलं, एखादं सपाट शेत दिसतंय का बघत बसले, अर्धं मिनिट असेल जेमतेम, आणि आरपीएम आपला आपण वर चढला.

चेकलिस्टमध्ये हे सगळं आहे हो, परीक्षेत मार्कही मिळालेत मला. पण इंजिन एकदा बंद पडलं की एक्झॉस्ट थंड होतो, मग ती गरम हवा आणणार कुठून, म्हणून शंका आली की लगेच ओढायची, हे डोक्यात बसवलं ते तुम्ही.

उतरल्यावर तुम्ही काउल, इंजिनावरचं झाकण, उघडून बघितलं, तर बर्फाचा मागमूस नाही. "पुरावा वितळला," म्हणालात आणि चहा टाकायला गेलात.

आई, हे वाचत असशील तर मी ठीक आहे, रात्री फोन करते.