मिरजेची तार आणि एस्प्रेसोची पूड

सांगली,
दि. १२ फेब्रुवारी

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नव्या यंत्रावर काढलेल्या एस्प्रेसोत, म्हणजे दाबाने काढलेल्या त्या दाट कॉफीत, आंबट आणि कडू अशा दोन्ही चवी एकाच पेल्यात येतात, आणि दुकानदार तर टॅम्पिंगच्या, म्हणजे पूड दाबून बसवण्याच्या, आधी ती सारखी करणारे ते गोल, चकचकीत, फिरवायचे साधन घ्या म्हणून मागे लागला आहे, तेव्हा ते घ्यावे की नाही, असे तू विचारले आहेस. घेऊ नकोस. त्याच्यापेक्षा चांगले, बारीक तारांनी पूड ढवळायचे साधन घरी करता येते आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. मात्र ते तसेच का करायचे हे कळले नाही तर तू तारेऐवजी टूथपिक वापरशील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यंत्र साधारण ९ बार दाबाने, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या नऊपट दाबाने, पाणी पुडीच्या चकतीतून ढकलते. त्या चकतीत पूड एके ठिकाणी दाट आणि दुसऱ्या ठिकाणी विरळ असली की पाणी विरळ जागा हेरते आणि तिथूनच धावते. उसाला पाणी देताना बांधाला घुशीने एक बीळ पाडलेले असले की सारे पाणी तिथूनच निसटते आणि पुढची सरी कोरडी राहते, तसाच हा प्रकार असून कॉफीवाले त्याला चॅनलिंग म्हणतात. पाणी जिथून धावते तिथली पूड गरजेपेक्षा जास्त धुतली जाऊन कडवटपणा देते. बाकीच्या पुडीतून सुरुवातीला सुटणारी आंबट द्रव्ये तेवढी उतरतात आणि गोडवा आतच राहून जातो. म्हणून तुझ्या पेल्यात दोन्ही दोष एकदम दिसतात. अशा वेळी दळण बारीक करावे की जाड, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, कारण बारीक केले तर आंबटपणा थोडा कमी होतो पण बीळ तसेच राहते.

ही विरळ-दाट जागा टॅम्पर दाबून जात नाही. टॅम्पर पूड वरून खाली दाबतो, ती आडवी सरकवत नाही. बास्केटच्या, म्हणजे पूड भरायच्या जाळीदार वाटीच्या, डाव्या बाजूला पूड जास्त पडली असेल तर दाबल्यावर वरचा भाग सपाट दिसतो, पण डावी बाजू घट्ट आणि उजवी सैल राहते. तुझा दुकानदार सांगतो त्या फिरत्या साधनाचीही अडचण बरीचशी हीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या साशा सेस्टिच यांनी, जे २०१५ साली जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांच्या) स्पर्धेचे विजेते ठरले, त्या प्रकारचे साधन प्रचारात आणले. त्याच्या तळाला उतरते पंखे असतात आणि ते बास्केटवर ठेवून फिरवले की वरची पूड रिकाम्या बाजूला ढकलली जाते. कॅफेत एकामागून एक पेले काढायचे असतात तिथे त्याचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण ते वरच्या काही मिलिमीटरांपुरतेच काम करते. खाली तळाशी ढेकूळ असेल तर त्याला हातही लागत नाही, उलट वरून पृष्ठभाग इतका देखणा होतो की आत सगळे ठीक असेल अशी आपली समजूत होते. मला त्या साधनाचा राग आहे तो या देखणेपणामुळे.

ढेकळे होण्याचे कारण दळणात आहे. एस्प्रेसोसाठी पूड फार बारीक लागते. बी फुटताना आणि कण एकमेकांवर घासताना त्यांच्यावर स्थिर वीज साठते, त्यात बियांतले तेल, आणि ती पूड गाठी धरते. आपल्याकडे या दिवसांत हवा कोरडी असते, तेव्हा ग्राइंडरच्या तोंडापाशी चिकटलेली पूड तूही पाहत असशील. त्यावर एक सोपा उपाय आहे: दळण्यापूर्वी मोजलेल्या बियांवर पाण्याचा एक बारीक फवारा मारायचा किंवा ओल्या चमच्याच्या दांड्याने बिया ढवळायच्या. ओरेगन विद्यापीठातील क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत ज्वालामुखीच्या राखेतील विजेचा अभ्यास करणारे संशोधकही होते, २०२३ साली दाखवून दिले की या थोड्याशा पाण्याने वीज कमी साठते, गाठी कमी होतात आणि अर्कही अधिक व सारखा उतरतो. हा फवारा तू उद्यापासून सुरू कर. पण उरलेल्या गाठी फोडायला तार लागतेच.

तारेची ही युक्ती जॉन वाइस नावाच्या अमेरिकेतील एका हौशी माणसाने २००५ साली मांडली आणि तिला त्याचेच नाव मिळाले. त्याने दह्याच्या छोट्या कपाचा तळ कापून त्याचे नरसाळे केले, ते बास्केटवर बसवले आणि प्रयोगशाळेतील चिरफाडीच्या सुईने पूड ढवळली. एवढेच. पुढे लोकांनी एका सुईऐवजी अनेक सुया घेतल्या, त्या अधिकाधिक बारीक केल्या, बाटलीच्या बुचात अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया खोचल्या, आणि मग दुकानांनी लाकडी मुठीचे तेच साधन काचेच्या पेटीत ठेवून विकायला काढले.

जाडीचा मुद्दा नीट लक्षात ठेव, कारण सारे त्यावरच आहे. तार ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी. टूथपिक दोन मिलिमीटरच्या आसपास असते, ती पुडीत नांगरासारखी तास पाडते आणि बाजूला दाट वरंबे उभे करते. कागदाची क्लिप साधारण एक मिलिमीटर, तिचेही तेच. शिवणकामाची सुई अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. चालवून घेता येते, पण बरी नव्हे. बारीक तार मात्र पुडीतून जाते तेव्हा मागे चर राहत नाही, गाठ आडवी आली की ती फुटते आणि मोकळे कण आपापल्या जागी बसतात.

आता एवढ्या बारीक आणि तरीही ताठ तारेसाठी सांगलीकराने कुठे जायचे, हा प्रश्न मला फार काळ पडला नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो. सतारीच्या बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, पोलादी तार साधारण ०.३ मिलिमीटरची असते, आणि तिथे ती नंबरावर मिळते. कारागिरांनी आधी तरफेची, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणारी, तार पुढे केली. ती घेऊ नये, ती आणखी बारीक असते आणि गाठीवरून वाकून घसरते. तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तारही नको, ती मऊ पडते. कशाला हवी म्हणून विचारले तेव्हा मी खरे ते सांगितले. त्यांनी तारेचे वेटोळे कागदात गुंडाळले, वर एक तडा गेलेली शिसवी खुंटी फुकट दिली आणि म्हणाले, “मूठ हिची करा, हातात बसते.” ज्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावातून मी कॉफी ढवळायची तार आणली, याचे माझ्या घरच्यांना अजून हसू येते. तुझ्याकडे ही सोय नसेल तर गिटारच्या दुकानात जाऊन ०.०१२ इंचाची साधी पोलादी तार माग, ती ०.३ मिलिमीटर भरते.

खुंटीचे निमुळते टोक कापून त्या सपाट तोंडात अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने छिद्रे पाडली: मध्ये एक, भोवती सात. तारेचे तुकडे असे कापले की मुठीबाहेर साधारण चार-साडेचार सेंटिमीटर राहतील. वेटोळ्यातून काढलेल्या तारेला हलका बाक असतो. तो सरळ करण्याच्या भानगडीत पडू नकोस. सर्व तारांचा बाक बाहेरच्या बाजूला ठेवून त्या अराल्डाइटने बसवल्या की टोके आपोआप फाकतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. कापलेले टोक धारदार असते, बास्केटवर ओरखडे काढते आणि बोटालाही लागते, म्हणून नोज प्लायरने प्रत्येक टोकाला बारीकशी कडी वळवली. अराल्डाइट पूर्ण सुकायला एक रात्र दे. वाद्याच्या तारेचा एक दोष आहे: ती बहुधा स्टेनलेस नसते आणि ओलसर पूड लागून राहिली तर गंजते. काम झाले की कोरड्या फडक्याने पुसून ठेवावी, धुऊ नये. एवढी शिस्त जमणार नसेल तर अ‍ॅक्युपंक्चरच्या स्टेनलेस सुया घेणे बरे.

नरसाळ्यासाठी श्रीखंडाचा लहान डबा तळ कापून वापर. तोंड बास्केटच्या कडेवर बसेल असा निवड, नाहीतर ढवळताना निम्मी पूड ओट्यावर जाते.

ढवळण्याची रीतही सांगतो. तारा थेट तळापर्यंत ने आणि तिथे लहान लहान वर्तुळे काढत सर्व भाग फिरून ये, कडेचे कोपरे धरून. बहुतेकांचा हात मधेच घोटाळतो आणि कडा तशीच राहते. मग हळूहळू वर येत जा आणि शेवटी फक्त पृष्ठभागावरून हलक्या हाताने फिरव, तेव्हा मूठ जवळजवळ वजन नसल्यासारखी धरावी. दहा-पंधरा सेकंद पुरतात. त्यानंतर पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवलेला तो दांड्याचा भाग, ओट्यावर एकदा हलकेच आपट म्हणजे पूड बसेल, आणि मग टॅम्पर अगदी सरळ धरून दाब. जोर किती लावावा याची चिंता सोड, पूड एकदा घट्ट झाली की जास्त जोराने फारसा फरक पडत नाही. टॅम्पर तिरका झाला तर मात्र ढवळण्याची सारी मेहनत वाया जाते.

परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर हवा. जुन्या पोर्टाफिल्टरचा तळ कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर कापून मिळतो, मी तसाच करून घेतला. त्यातून खाली पाहिले की चॅनलिंग लगेच कळते: एका जागी फिकट धार आधी सुटते आणि बारीक पिचकारी शर्टावर उडते. पूड सारखी असेल तर सगळ्या बास्केटभर आधी थेंब दिसतात, मग ते मध्ये येऊन एकच धार होते. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत येत असेल आणि धार शेवटपर्यंत एकच राहत असेल, तर दळणाला हात लावण्याचा अधिकार तुला आला असे समज.

तारेने भागत नाही तेही सांगून ठेवतो. ग्राइंडर एकाच वेळी पीठही पाडत असेल आणि रवाही, तर कितीही ढवळले तरी चव सुधारणार नाही. शिळ्या बियांनाही हा उपाय नाही. दुकानदाराला द्यायचे पैसे बाजूला ठेव आणि पुढे चांगल्या ग्राइंडरमध्ये घाल. खर्च करायचाच असेल तर तो तिथे करावा.

माझ्याकडे तार बरीच उरली आहे आणि मिरजेहून आणखी एक खुंटीही मागवता येईल. तुझे बास्केट ५१ मिलिमीटरचे की ५८ चे, आणि आतून खोल किती, हे पट्टीने मोजून कळव. लहान बास्केटला आठ तारा दाटी करतात, त्यात सहाच बसवून पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
अनंत